आत जाणाऱ्या औषधाची बाहेरची वाट

वाचकहो, आपल्या घरात साठी ओलांडलेले कोणी असेल आणि त्यांची एमआरआय तपासणी कधी झाली असेल, तर एक कागद आपल्याही हातून गेला असेल. तपासणी केंद्राच्या खिडकीतून तो मिळतो. वर रुग्णाचे नाव, वय, वजन. खाली प्रश्नांची रांग. शरीरात पेसमेकर आहे का? पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का? कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे का? मूत्रपिंडाचा विकार आहे का? प्रत्येक प्रश्नापुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे दोन चौकोन आणि अखेरीस सहीची रेघ. मागे माणसे उभी असतात, आपला रुग्ण बाकावर अवघडून बसलेला असतो, पैसे भरायचे राहिलेले असतात. आपण वरून खाली ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करीत जातो आणि सही करून कागद परत देतो.

मीही तेच केले. छत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, ‘आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ हे वाक्य मुलांना हजारदा ऐकवले आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा प्रश्न न वाचताच उत्तर लिहिले. ते उत्तर माझ्या थोरल्या बंधूंच्या प्रकृतीशी निगडित होते. त्या चुकीची आणि तिने मला जे शिकवले त्याची ही हकीकत आहे. ती सांगताना थोडा संकोच वाटतो. परंतु आपल्यापैकी एखाद्याच्या हाती उद्या असाच कागद येईल, म्हणून सांगतो.

आम्ही गडमुडशिंगीचे. कोल्हापूर शहर अगदी जवळ; उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरणारे विमान आमच्या परसातून दिसते. थोरल्या बंधूंना घरात सगळे अण्णा म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. वडील अकाली गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडून नांगर हाती धरला, म्हणून मला पुस्तके हाती धरता आली. या ऋणाचा उच्चार त्यांनी कधी केला नाही, त्यामुळे ते फेडण्याची सोयही मला मिळाली नाही.

अण्णांना बावीस वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या वर्षी उसाच्या फडात पाचट सावरताना तोडलेल्या उसाचा खुंट त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात शिरला. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली, त्यामुळे वेदना जाणवली नाही. वहिनींच्या लक्षात आले तेव्हा अंगठ्याची कड काळवंडली होती. कोल्हापुरातील शल्यचिकित्सकांनी पावलावर बोटे ठेवून नाडी शोधली; ती लागली नाही. डॉपलर तपासणीत मांडीच्या खालच्या भागातील रोहिणी बरीच अरुंद झालेली दिसली. गुडघ्याखाली मात्र चित्र स्पष्ट होईना. डॉक्टर म्हणाले, “रक्तवाहिन्यांचा पूर्ण नकाशा हवा. फुगा घालून वाट मोकळी करता आली तर पाय वाचेल. नाही तर गुडघ्याखालून पाय काढण्याचा विचार करावा लागेल. फार दिवस हाती नाहीत.”

सीटी स्कॅनमध्येही रक्तवाहिन्या दिसतात. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहात रोहिण्यांच्या भिंतींत चुन्याचे थर साचतात आणि सीटीच्या चित्रात तो चुना इतका पांढरा दिसतो, की आतली वाट किती उरली आहे हे कळणे कठीण होते. म्हणून त्यांनी एमआर अँजिओग्राफी लिहून दिली. चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी एक ओळ लिहिली होती: ‘क्रिएटिनिन पाहून.’ त्यासाठी आदल्या दिवशी रक्तही दिले होते. सकाळी प्रयोगशाळेतून पाकीट घेतले आणि न उघडताच पिशवीत टाकले. अण्णांना लघवीची तक्रार कधीच नव्हती. त्यामुळे ‘मूत्रपिंडाचा विकार आहे का’ या प्रश्नापुढे माझी लेखणी ‘नाही’ वर सहज टेकली.

अण्णांना आत घेतले. मनगटाजवळ इंट्राकॅथ लावली. तंत्रज्ञ तरुण आणि मृदू स्वभावाचा होता. “आजोबा, मध्येच एक रंगाचं औषध शिरेतून सोडणार आहोत, म्हणजे रक्तवाहिन्या ठळक दिसतील,” असे त्याने समजावले. अण्णांनी थोडा विचार केला आणि विचारले, “बाळ, औषध आत सोडणार, ते खरं. पर ते भाईर कुठनं जातंय?”

“लघवीवाटे, आजोबा.”

“मग माझ्या किडनीचा रिपोर्ट बघितलासा न्हवं? काल रक्त घेतलंय माझं.”

तंत्रज्ञाने माझ्या हातचा अर्ज पाहिला, मग माझ्याकडे पाहिले. मी पिशवीतले पाकीट फोडले. क्रिएटिनिन २.९. शेजारी मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाजी आकडा, ईजीएफआर: २२. निरोगी प्रौढाचा तो सहसा ९० च्या पुढे असतो आणि ३० च्या खाली गेला की मूत्रपिंडे फारच दुबळी झाली असे समजतात. तंत्रज्ञाने सिरिंज बाजूला ठेवली आणि क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावले.

त्या क्षणी मला जे वाटले ते लिहून सांगता येणार नाही. चौथीनंतर शाळा सोडलेल्या माणसाने एका प्रश्नात जे साधले, ते माझ्या पदवीला साधले नव्हते.

घरी परतताना मी विचारले, “अण्णा, तुम्हाला हे सुचलं कसं?” ते म्हणाले, “त्यात काय सुचायचं? शेतात पाणी सोडायच्या आधी चर कुठाय ते बघायचं असतंय.” मग मला उमगले. शिरोळ भागात आमचे सोयरे आहेत. तिकडे उसाला पाणी मुबलक मिळाले, निचरा मात्र झाला नाही आणि कित्येक एकर काळीभोर जमीन क्षारपड होऊन पडली. पाणी वाईट नव्हते. त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. अण्णांनी हा हिशेब स्वतःच्या देहाला लावला होता.

आता त्या रंगाच्या औषधाविषयी. वास्तविक त्यात रंग नसतोच. ते रंगहीन द्रावण असते. एमआरआय यंत्र म्हणजे एक बलाढ्य चुंबक. नेहमीचे यंत्र १.५ टेस्लाचे असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्यातील हायड्रोजनचे प्रत्येक अणुकेंद्र इवल्याशा चुंबकासारखे वागते. रेडिओलहरींनी त्यांना क्षणभर विचलित करायचे आणि ती मूळ स्थितीत परतताना जो संकेत देतात तो टिपून चित्र उभे करायचे, ही या तपासणीची रीत. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी अशा पद्धतीने चित्र मिळवता येते हे दाखवले. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत.

परंतु रक्त आणि भोवतालचे स्नायू या दोहोंत पाणीच असल्याने वाहिनीची कड अनेकदा हवी तशी उठून दिसत नाही. म्हणून रक्तात असे काही सोडतात, की ज्याच्या सान्निध्यात हायड्रोजनची अणुकेंद्रे लवकर पूर्वस्थितीला येतात आणि तेवढा भाग चित्रात उजळतो. गॅडोलिनियम नावाचे मूलद्रव्य या कामी अत्यंत गुणी. मोकळ्या स्वरूपात ते विषारी असते, म्हणून त्याला एका रासायनिक पिंजऱ्यात घट्ट बंद करून देतात. १९८८ मध्ये असे पहिले औषध वापरात आले आणि तेव्हापासून कोट्यवधी रुग्णांना त्याचा लाभ झाला. शिरेतून गेलेले हे औषध काही मिनिटांतच वाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर झिरपू लागते आणि पुढे मूत्रपिंडांवाटे निघून जाते. निरोगी माणसात साधारण दीड तासात रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होते.

मूत्रपिंडे दुबळी असतील तर हा पिंजरा शरीरात दीर्घकाळ फिरत राहतो आणि जुन्या प्रकारचे सैल पिंजरे अशा वेळी उघडू शकतात. मूत्रपिंडाच्या काही गंभीर रुग्णांची त्वचा जाड, कठीण होत जाते आणि सांधे आखडतात, असा एक नवा विकार २००० साली वैद्यकीय साहित्यात वर्णिला गेला. २००६ मध्ये ऑस्ट्रिया आणि डेन्मार्कमधील डॉक्टरांनी त्याचा गॅडोलिनियमशी संबंध दाखवला. नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस हे त्याचे नाव. त्यानंतर मूत्रपिंडांची तपासणी करूनच हे औषध देण्याचा दंडक रूढ झाला, अधिक घट्ट, वलयाकार पिंजऱ्याची औषधे पुढे आली आणि हा विकार जवळजवळ दिसेनासा झाला. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये सैल पिंजऱ्याच्या काही औषधांचा वापर थांबवला.

हे सारे मला त्या क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांनी शांतपणे समजावले. ते म्हणाले, “घाबरून जाऊ नका. आज वापरात असलेल्या वलयाकार औषधाने इतक्या दुबळ्या मूत्रपिंडातही धोका फार कमी असतो आणि गरज अटळ असेल तर आम्ही ते विचारपूर्वक देतो. पण तो विचार करूनच द्यायचं असतं, ‘नाही’ वर खूण आहे म्हणून नव्हे.” मग ते एक वाक्य बोलले, ज्याने माझ्यातला निवृत्त शिक्षक जागा झाला: “मूत्रपिंडाची वाट न धरणारी औषधंही आहेत. लोहाचे नॅनोकण. आमच्याकडे ते नाहीत, पण त्यांच्याविषयी वाचा.”

मी वाचले. माझा एक जुना विद्यार्थी पदार्थविज्ञानात संशोधन करतो. त्याच्याकडून समजून घेतले. जे कळले ते सोप्या शब्दांत आपल्यापुढे ठेवतो.

नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी सात-आठ हजार नॅनोमीटर रुंद असते. हे लोहकण त्यांच्यावरील लेपासह साधारण तीस नॅनोमीटरचे असतात. पेशी बैलगाडीच्या चाकाएवढी धरली, तर कण वाटाण्याएवढा. गाभ्यात लोहाचा ऑक्साइड असतो. लोखंडाचा मोठा तुकडा एकदा चुंबक झाला की त्याचे काही चुंबकत्व नंतरही टिकून राहू शकते. परंतु इतक्या सूक्ष्म कणाचे चुंबकत्व बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंतच प्रकट होते आणि क्षेत्र दूर होताच मावळते. त्यामुळे हे कण चुंबकत्वाने एकमेकांना चिकटून रक्तात गुठळ्या करीत नाहीत. शिवाय त्यांच्यावर शर्करावर्गीय पदार्थाचा पातळ लेप असतो. तो कणांना सुटे ठेवतो आणि शरीराच्या पहारेकऱ्यांच्या नजरेत लगेच येऊ देत नाही.

आता अण्णांचा प्रश्न: बाहेर कोठून? गॅडोलिनियमचा रेणू लहान असल्याने तो वाहिनीच्या भिंतीतून झिरपतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून पार होतो. लोहकण त्याच्या तुलनेत बराच मोठा. तो भिंतीतून सहजी झिरपत नाही आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. तो रक्तातच फिरत राहतो. फेरुमॉक्सिटॉल या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे पंधरा तास लागतात. रक्तवाहिन्यांचे चित्र काढणाऱ्याला याहून मोठी सोय कोणती? गॅडोलिनियमच्या वेळी औषध रोहिणीत पोहोचण्याचा नेमका क्षण साधावा लागतो. येथे निवांतपणे रोहिण्याही पाहता येतात आणि नीलाही. रुग्ण हलला, चित्र बिघडले, तर औषध पुन्हा न देता पुन्हा चित्र घेता येते. कंप सुटणाऱ्या, श्वास फार वेळ रोखू न शकणाऱ्या वृद्धांना याचे मोल कळेल.

कालांतराने यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांतील भक्षक पेशी हे कण गिळतात, त्यांवरचा लेप उतरवतात आणि आतील लोह शरीराच्या कोठारात जमा करतात. त्याच लोहातून पुढे हिमोग्लोबिन घडू शकते. म्हणजे हा पाहुणा घराबाहेर पडतच नाही. घरातल्या माणसांत मिसळून जातो. म्हणूनच फेरुमॉक्सिटॉलला २००९ साली अमेरिकेत जी परवानगी मिळाली, ती दीर्घकालीन मूत्रपिंडविकारातील लोहन्यूनतेच्या रक्तक्षयावरचा उपचार म्हणून. रक्तक्षयासाठी एका वेळी ५१० मिलिग्रॅम लोह देतात. प्रौढाच्या शरीरात एकूण लोह तीन-चार ग्रॅम असते, हे ध्यानात घेतले की ही मात्रा किती ते समजते. चित्रासाठी सहसा याहून कमी पुरते. रक्तवाहिन्यांच्या चित्रासाठी ते वापरण्याची कल्पना क्ष-किरणतज्ज्ञांनी उचलून धरली. हा वापर मूळ परवानगीच्या कक्षेबाहेरचा असतो आणि तज्ज्ञ तो विशिष्ट रुग्णांत, स्वतःच्या जबाबदारीवर करतात. त्याआधी १९९६ मध्ये यकृताच्या गाठी पाहण्यासाठी लोहकणांचे दुसरे एक औषध अमेरिकेत मंजूर झाले होते. ते पुढे बाजारातून गेले.

मग हे औषध सर्वत्र का नाही, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझ्याही आला. कारण एक वाट मोकळी झाली म्हणून सर्व वाटा निर्धोक होत नाहीत. काही रुग्णांना या औषधाने तीव्र ॲलर्जी झाली, काही दगावलेही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा छापावयास लावला: शिरेतून दिलेल्या कोणत्याही लोहाची ॲलर्जी पूर्वी झाली असेल तर देऊ नये, पातळ करून किमान पंधरा मिनिटांत हळूहळू द्यावे, नंतर किमान अर्धा तास रुग्णावर लक्ष ठेवावे. ज्यांच्या शरीरात आधीच लोह साचले आहे, उदाहरणार्थ ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्यासाठी कोठारात आणखी भर घालणे हिताचे नसते. आणखी एक गोष्ट काळजीवाहकांनी जाणून घ्यावी अशी आहे: हे लोह घेतल्यानंतर सुमारे तीन महिन्यांपर्यंत पुढच्या एमआरआयच्या चित्रांवर त्याचा परिणाम दिसू शकतो. रक्तक्षयासाठी हे घेतले असेल आणि नंतर दुसऱ्याच कारणाने एमआरआय करायचे असेल, तरी ते सांगणे आवश्यक ठरते.

या वाचनात एक सुखद धक्का बसला. चुंबकीय नॅनोकण ही काही केवळ परदेशातील गोष्ट नव्हे. आमच्या कोल्हापुरात डी. वाय. पाटील विद्यापीठाच्या आंतरविद्याशाखीय संशोधन केंद्रात प्रा. एस. एच. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे कण तयार करून अभ्यासले आहेत. २०१३ साली त्यांनी डेक्स्ट्रान या शर्करावर्गीय पदार्थाचा लेप दिलेल्या मॅग्नेशियम फेराइटच्या नॅनोकणांवरील संशोधन प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू चित्र काढण्याचा नव्हता, कर्करोगावरील उष्णतोपचाराचा होता: दिशा झपाट्याने पालटणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात हे कण तापतात आणि गाठीतील पेशी ४२ ते ४६ अंशांपर्यंत तापवल्या तर त्या दुबळ्या होतात. हे काम प्रयोगशाळेतील होते, रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधाचे नव्हे. तथापि कणाचा आकार, त्यावरचा लेप, रक्तासारख्या द्रवात तो सुटा राहतो की गोळा होतो, हे प्रश्न तेथेही तेच आहेत. ज्या गावाहून शहरात दूध आणि भाजी जाते, त्या शहरात हे चालले होते आणि विज्ञानाच्या शिक्षकाला त्याची वार्ता नव्हती, याची थोडी लाजही वाटली.

परंतु अण्णांच्या पायाला पुढच्या दशकाची वाट पाहता येत नव्हती. क्ष-किरणतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक यांनी आपसांत बोलून निराळा मार्ग ठरवला. आधी अनुभवी तज्ज्ञाकडून डॉपलर पुन्हा, सावकाश, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. मग मोठ्या शहरातील एका रुग्णालयात अँजिओग्राफी. तीही कार्बन डायऑक्साइड वायूने. होय, आपण उच्छ्वासातून सोडतो तोच वायू. तो शुद्ध स्वरूपात, हवेचा लवलेश मिसळू न देता रोहिणीत सोडला, की क्षणभर रक्ताला बाजूला सारतो आणि क्ष-किरणांच्या चित्रात वाहिनीची आकृती उमटते. पुढे तो रक्तात विरघळतो आणि फुप्फुसांवाटे श्वासाबरोबर निघून जातो. मूत्रपिंडांना त्याचा भार नाही. ही रीत छातीखालच्या रोहिण्यांसाठीच वापरतात. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यांत तो वायू जाता कामा नये. घोट्याजवळच्या बारीक वाहिन्यांत चित्र पुसट आले, तेवढ्यापुरते आयोडीनचे औषध अगदी थोडे वापरले. त्याच बैठकीत फुगा घालून मांडीतील वाट मोकळी केली.

मी हे अण्णांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “म्हंजे ह्याचा चर नाकातनं!”

अंगठा वाचला नाही. तो काढावा लागला. पाय मात्र राहिला. जखम भरायला पाच महिने लागले. वहिनींनी रोज दोन वेळा ड्रेसिंग केले. अण्णांच्या मूत्रपिंडांचा विकार आता आम्हाला ठाऊक आहे आणि त्यावर उपचार सुरू आहेत. त्या पाकिटात तो आकडा आधीच छापलेला होता. मी तो उघडला नव्हता, एवढेच.

वाचकहो, यातून आपण घ्यावे असे मला वाटते ते थोडेच आहे. शिरेतून काही द्यायचे ठरले, मग ते सीटीसाठी असो वा एमआरआयसाठी, तर नम्रपणे विचारावे: हे कोणते औषध, ते शरीरातून बाहेर कोठून जाते आणि आमच्या माणसाची ती वाट धड आहे का? मूत्रपिंडाची वाट असेल तर अलीकडचा क्रिएटिनिनचा अहवाल हातात ठेवावा. पिशवीत नव्हे, हातात. मधुमेह, रक्तदाब, साठीपुढचे वय असेल तर ‘लघवी व्यवस्थित होते’ हे मूत्रपिंडे निरोगी असल्याचे प्रमाण मानू नये; पुष्कळ बिघडेपर्यंत ती कुरकुर करीत नाहीत. डायलिसिस चालू असेल तर त्याचे वार सांगावेत, म्हणजे तपासणीचा दिवस त्याप्रमाणे ठरवता येतो. पूर्वी कोणत्या इंजेक्शनने अंगावर पित्त उठले, धाप लागली, घेरी आली, ते क्षुल्लक वाटले तरी सांगावे. तपासणीपूर्वी भरपूर पाणी प्या, असा सल्ला शेजारी देतात. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे. औषध दिलेच तर त्याचे नाव आणि तारीख एका वहीत टिपून ठेवावी.

आणि उलट बाजूही तितक्याच कळकळीने सांगतो. हे वाचून भीतीपोटी तपासणी नाकारू नका. अण्णांचा नकाशा मिळाला नसता तर पाय गेला असता. औषधाविना होणारी चित्रे, वलयाकार गॅडोलिनियम, वायू, काही ठिकाणी लोहाचे नॅनोकण. वाटा अनेक आहेत आणि त्यांतील योग्य कोणती हे डॉक्टरच ठरवू शकतात. फक्त त्यांना ठरवता यावे एवढी खरी माहिती आपण द्यायची असते. त्या चौकोनातली खूण म्हणजे आपण डॉक्टरांना दिलेला शब्द असतो.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतील एका वृद्ध शेजाऱ्यांना त्यांचा मुलगा एमआरआयसाठी शहरात घेऊन निघाला होता. गाडीत बसताना तो अण्णांच्या पाया पडला. अण्णांनी आशीर्वाद दिला आणि काठी टेकत दोन पावले पुढे होऊन म्हणाले, “रक्ताचा कागद घेतलास का? वाचलास का?” मुलगा थांबला. पिशवी उघडून त्याने पाकीट बाहेर काढले आणि गाडीच्या दाराशी उभा राहून ते वाचू लागला.